पन्नास मीटर रायफल: नव्या नेमबाजाने हवामान कसं वाचावं

आपल्याकडे बहुतेकांची नेमबाजी दहा मीटर एअर रायफलने सुरू होते. बंद हॉल, एकसारखे दिवे, बंद खिडक्या. वर्षा-दोन वर्षांत स्कोअर बसतो, कोच म्हणतात, आता पॉइंट टू-टू (.२२ बोअरची ५० मीटरची रायफल) हातात घे, आणि मग पहिल्यांदा उघड्या आकाशाखाली मॅटवर झोपायची वेळ येते. सात-आठ शॉट छान जातात. नवव्याला गोळी उजवीकडे आठात बसते. ट्रिगर नीट सुटलेला असतो, श्वास नीट असतो, साइट पिक्चर (साइटमधून दिसणारं टार्गेटचं चित्र) स्वच्छ असतं. चूक कुठे झाली ते कळत नाही, म्हणून मुलं स्वतःच्या पोझिशनमध्ये दोष शोधत बसतात आणि चांगली पोझिशन बिघडवून घेतात. हा लेख त्या टप्प्यावरच्यांसाठी आहे.

नवखे शांत हवेचा दिवस शोधतात, जाणकार एकसारख्या हवेचा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. संपूर्ण वेळ एकाच बाजूने, एकाच जोराने वाहणारा वारा साइटवर चार क्लिक (साइट बाजूला सरकवायचे बारीक टप्पे) देऊन मिटवता येतो. मधूनच पडणारा आणि मधूनच उठणारा मंद वारा मात्र दिवसभर छळतो. उजेडाचं आणि उष्णतेचंही तसंच.

तरीही 'आदर्श हवा कशी?' असं कुणी विचारलंच, तर माझं उत्तर असं: आकाशात पातळ, सलग ढगांचा थर, म्हणजे उजेड भरपूर पण सावल्या नाहीत. तापमान १८ ते २६ अंश. वारा एका बाजूने, सेकंदाला दोन मीटरच्या आत. जमीन थोडी ओलसर किंवा गवताळ, म्हणजे तापून लहरी उठत नाहीत. दमटपणा जॅकेटमध्ये घाम साचणार नाही इतपत. असे दिवस मिळतात, पण स्पर्धेची तारीख आपल्या हातात नसते. म्हणून निवडता येईल तेव्हा निवडायचं आणि येईल ते वाचायचं, दोन्ही शिकावं लागतं.

आधी मिलिमीटरचा हिशेब

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ मध्यापासून ८ मिमीने लांब. म्हणजे एक गुण ८ मिमीचा आणि दशांश गुण ०.८ मिमीचा. आपली गोळी ५.६ मिमी जाडीची, ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम वजनाची. मॅच काडतुसाचा (स्पर्धेसाठीच्या काडतुसाचा) वेग सेकंदाला ३२५-३३० मीटरच्या आसपास, ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी. टार्गेटपर्यंत पोचायला तिला ०.१६ सेकंद लागतात.

आडव्या वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ही गोळी ५० मीटरवर साधारण ७ मिमी सरकते. जवळजवळ एक गुण. ३ मीटरचा वारा असेल तर २० मिमीच्या वर, म्हणजे मधोमध जाणारी १०.९ ची गोळी आठात. आणि सेकंदाला एक मीटर म्हणजे ताशी फक्त ३.६ किलोमीटर, आपण रमतगमत चालतो तेवढा वेग. चेहऱ्यावर तो जेमतेम जाणवतो.

बाजूने येणारा वारा गोळीला किती ढकलेल हे ती हवेत किती वेळ राहते यापेक्षा वाटेत किती वेग गमावते यावर ठरतं. हाय-व्हेलॉसिटी काडतुसं ध्वनीपेक्षा वेगाने निघतात, हवेशी जास्त झगडतात, वेग पटापट गमावतात, आणि म्हणून वाऱ्यात मॅच काडतुसांपेक्षा जास्त सरकतात. 'वारा आहे तर जोरदार काडतूस वापर' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

हा हिशेब किती नाजूक आहे ते आपल्याच माणसांच्या स्कोअरवरून बघा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचं (पोटावर झोपून नेमबाजीचं) विजेतेपद मिळवलं तेव्हा तिचा स्कोअर ६०० पैकी ५९७ होता. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) पात्रता फेरीत ५९० केले आणि सातव्या क्रमांकाने फायनल गाठली. साठ शॉटमध्ये दहा गुण गेले, बस. वारा सेकंदाला एक मीटरने चुकीचा वाचला की एक गुण जातो, हे त्याशेजारी ठेवून बघा.

दिवस आणि वेळ निवडताना

नवशिक्याने सुरुवातीचे काही महिने सोप्या वेळेलाच गोळ्या घालाव्यात. त्यात कमीपणा नाही. पोझिशन आणि ट्रिगर पक्का होईपर्यंत वाऱ्याचा गोंधळ मध्ये आला तर काय कशामुळे झालं ते कळतच नाही.

पुणे आणि देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. सकाळी साडेसात ते दहा हवा जवळजवळ थांबलेली असते. रात्रभर जमीन थंड झालेली असते, त्यामुळे खालून गरम हवा वर उठत नाही. दहानंतर ऊन तापतं, जमिनीलगतची हवा वर जायला लागते, आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा झुळकांनी येते. दुपारचा वारा म्हणूनच तुकड्यातुकड्यांनी वाहतो. बालेवाडीसारख्या मोकळ्या जागी हा फरक सकाळ-दुपार एकाच लेनवर झोपून सहज अनुभवता येतो.

मुंबई आणि कोकणपट्टीचं गणित वेगळं. तिथे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, तो मंद. जमीन तापली की दुपारच्या सुमाराला वारा उलटतो आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू होतो. मधला तासभर वारा कुठूनही येतो, कधी अजिबात नसतो. वरळीच्या रेंजसारख्या समुद्राजवळच्या जागी सराव करणाऱ्यांनी हा मधला तास ओळखायला शिकावं आणि नवख्यांनी तो सरळ टाळावा. गंमत अशी की खारा वारा एकदा स्थिरावला की तो चांगला एकसारखा वाहतो. जोर जास्त असला तरी त्यात शिकायला सोपं जातं.

एप्रिल-मे महिन्यांत देशावर आणि विदर्भात दुपारी रेंजवर जाऊन काही साधत नाही. उष्णता, मिराज (तापलेल्या हवेच्या लहरी), वावटळी, आणि संध्याकाळकडे वळवाच्या आधीचा सोसाट्याचा वारा. सकाळी लवकर जा, नऊपर्यंत आटपा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात आणि झोताझोताने असतो, पण पावसाच्या दोन सरींमध्ये कधीकधी अर्धा तास फार सुंदर मिळतो: ओली जमीन, मऊ उजेड, पडलेला वारा. ऑक्टोबरमध्ये ऊन कडक असलं तरी गवत हिरवं असतं, त्यामुळे लहरी मे महिन्याइतक्या त्रास देत नाहीत.

हवामान खात्याचा अंदाज बघायची सवय लावा, पण तो आकडा तसाच घेऊ नका. वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल तर ३.६ ने भागा, म्हणजे सेकंदाचे मीटर मिळतील. हा वेग मोकळ्या जागी जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो. आपली गोळी प्रोनमध्ये जमिनीपासून हातभर उंचीवरून जाते, तिथे वारा बराच कमी असतो. अंदाजातून घ्यायची ती दिशा, आणि दिवसभरात ती कधी फिरणार ही वेळ.

रेंजवर पोचल्यावर, रायफल हातात घेण्याआधी

पहिलं काम, रायफलची पेटी सावलीत उघडून ठेवा. एसी गाडीतून दमट हवेत आणलेल्या रायफलच्या डायोप्टरवर (बारीक भोकाच्या मागच्या साइटवर) आणि चष्म्यावर लगेच बाष्प जमतं. अर्धा तास तिला बाहेरच्या हवेशी जुळवून घेऊ द्या.

तो अर्धा तास फुकट घालवू नका. फायरिंग लाइनच्या मागे उभे राहा आणि बघा. उत्तर कुठे आहे? आंतरराष्ट्रीय नियमांत शक्यतो सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहील अशी रेंज बांधावी असं सांगितलेलं आहे. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून उत्तरेकडे तोंड असलेली रेंज चांगली. तशी नसेल तर किती वाजता ऊन कुठल्या बाजूने येईल ते आधीच लक्षात घ्या.

मग भिंती, झाडं, मातीचा बांध बघा. भिंतीवरून उडी मारून आलेला वारा पलीकडे खाली कोसळतो आणि गोलगोल फिरतो. कडेच्या लेनवर भिंतीचा आडोसा असतो, तिथे वारा कमी दिसतो, पण भिंत संपते तिथे एकदम झोत लागतो. मधल्या लेनवर वारा जास्त पण सरळ. लेन निवडायची मुभा असेल तर सुरुवातीला मी कुणालाही मधलीच घ्यायला सांगेन.

अंदाज घ्यायला डोळ्यांसमोरच्या खुणा पुरतात. धूर हळू सरकतोय पण चेहऱ्याला काही लागत नाही, तर वारा दीड मीटरच्या आत. चेहऱ्याला जाणवतोय, पानं सळसळतायत, तर दीड ते सव्वातीन. बारीक डहाळ्या सतत हलतायत तर साडेपाचपर्यंत. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले तर त्याहून वर. पिंपळ मात्र फसवतो, त्याची पानं जराशा हवेनेही थरथरतात. त्याच्याकडे बघून वारा जास्त आहे असं समजू नका. वारा पाचाच्या वर गेला तर नवख्याने स्कोअरसाठी गोळ्या घालू नयेत. त्या दिवशी मागे बसून झेंडे वाचण्याचा सराव करा.

झेंडे

५० मीटर रेंजवर वाऱ्याचे झेंडे फायरिंग लाइनपासून १० मीटर आणि ३० मीटर अंतरावर लावतात. सुती कापडाची अरुंद पट्टी, ५० मिमी रुंद, ४०० मिमी लांब. स्पर्धेत स्वतःचं वारा दाखवणारं साधन लावायला बंदी आहे, या झेंड्यांवरच भागवायचं असतं.

दिशेसाठी घड्याळ डोळ्यांसमोर आणा. टार्गेट बाराला, तुम्ही मध्यभागी. तीन किंवा नऊ वाजता येणारा वारा पूर्ण परिणाम करतो. दीड वाजता, म्हणजे तिरका आला, तर सुमारे ७० टक्के. एक किंवा अकरा वाजता आला तर निम्मा. बारा किंवा सहा वाजता येणाऱ्या वाऱ्याचा आडवा परिणाम शून्य.

आता हा शून्य फसवतो. समोरून ३ मीटरचा वारा येतोय, नवखा म्हणतो, बरं झालं, आडवा नाही. पण समोरचा वारा क्वचितच सरळ राहतो. तो अकरा आणि एकच्या मध्ये डोलत असतो. अकराला असताना गोळी १० मिमी उजवीकडे, एकला असताना १० मिमी डावीकडे. दोन टोकांमध्ये २० मिमीचा फरक, आणि झेंड्याचं टोक फक्त जरासं हललेलं. त्यापेक्षा तीन वाजता येणारा तेवढाच वारा शंभरपट परवडला: तो दोनकडून चारकडे डोलला तरी त्याचा परिणाम ८७ टक्क्यांच्या खाली जात नाही. समोरच्या किंवा पाठीमागच्या वाऱ्यात म्हणूनच जास्तीत जास्त सावध राहायचं.

दोन झेंड्यांमध्ये कुठला बघायचा? पहिल्यांदा जवळचा. गोळी सुरुवातीलाच थोडी तिरकी झाली की ती तिरकी वाट पुढच्या चाळीस मीटरभर तशीच लांबत जाते. ३० मीटरवर मिळालेल्या धक्क्याला वाढायला जागाच कमी उरते. अपवाद एकच: तुमच्या लाइनजवळ दाट आडोसा असेल आणि जवळचा झेंडा मेल्यासारखा लटकत असेल, तर लांबच्याकडे लक्ष द्या. दोन झेंडे उलट्या दिशा दाखवत असतील तर थांबा.

फक्त आपल्या लेनचे झेंडे बघू नका. वारा उजवीकडून येत असेल तर उजवीकडच्या चार-पाच लेन पलीकडचे झेंडे बघा. तिथला बदल काही क्षणांनी तुमच्याकडे येणार असतो.

आणखी एक बारकावा, जो माहीत नसल्यामुळे पुष्कळ मुलं गोंधळतात. आपल्या रायफलींच्या नळीतले आटे उजवीकडे वळणारे असतात, त्यामुळे वारा गोळीला सरळ आडवं ढकलत नाही. उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे आणि थोडी वर जाते, टार्गेटवर घड्याळ धरलं तर दहा वाजण्याच्या दिशेने. डावीकडून आला की उजवीकडे आणि थोडी खाली, चारच्या दिशेने. म्हणून 'वर का गेली, श्वास चुकला का?' असं स्वतःला विचारण्याआधी झेंड्याकडे बघा. ग्रुप (शॉटचा पुंजका) घड्याळातल्या दहा ते चार असा तिरका पसरला असेल तर तो वाऱ्याचा ग्रुप आहे. सरळ उभा पसरला असेल तर श्वास, पोझिशन किंवा काडतूस.

साइटर, क्लिक आणि थांबणं

आधी एक घरचा अभ्यास. शांत सकाळी पाच शॉटचा ग्रुप मारा. मग डायोप्टरवर उजवीकडे दहा क्लिक द्या आणि पुन्हा पाच. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजून दहाने भागा. तुमच्या रायफलीवर एक क्लिक किती मिलिमीटर ते कळलं. हा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. तो पाठ नसेल तर वारा कितीही चांगला वाचता आला तरी उपयोग नाही.

स्पर्धेत सुरुवातीला तयारी आणि साइटरसाठी (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणी शॉटसाठी) १५ मिनिटं मिळतात. या वेळात झिरो (गोळी मधोमध बसेल अशी साइटची जागा) बसवायचाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या वाऱ्यावर बसवायचा ते ठरवायचं. आणि इथे बहुतेक नवखे वारा पडला की घाईने झिरो करतात. मग पुढच्या दीड तासात वारा तसा पडतच नाही. पाच-सात मिनिटं झेंडे बघा आणि जी स्थिती वारंवार परत येते ती निवडा. समजा उजवीकडून मंद वारा आहे, मधून जोर वाढतो, मधून पडतो, पण सगळ्यात जास्त वेळ झेंडा एका ठरावीक कोनात असतो. तोच कोन तुमचा. त्याच्यावर झिरो करा. मग मुद्दाम एक साइटर वारा पडलेला असताना आणि एक जोर वाढलेला असताना मारा, गोळी कुठे जाते ते बघा. आता तुमच्याकडे तिन्ही स्थितींचा नकाशा आहे.

मॅच सुरू झाल्यावर नियम सोपा. झेंडा तुमच्या कोनात असेल तर मारा, नसेल तर थांबा. तुमची स्थिती टिकून असेल तर चार-पाच शॉट लयीत घ्या. बिघडली की रायफल खांद्यावरून उतरवा, डोळ्यांना आराम द्या. थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) असे वीस-वीस शॉट आणि एकूण ९० मिनिटं. प्रोनमध्ये पटापट गोळ्या जातात, म्हणून थांबायला वेळ तिथून वाचवता येतो. पण स्टँडिंगसाठी निदान अर्धा तास राखून ठेवा.

स्थिती खरोखरच बदलली, पाच मिनिटं झाली तरी जुनी परत येत नाही, तर क्लिक द्या. द्यायच्या तेवढ्या एकदम द्या. घाबरत एकेक क्लिक दिली की तीन शॉट वाया जातात आणि तोवर वारा पुन्हा फिरतो. क्लिक दिल्याची नोंद शॉटशेजारी करा, नाहीतर मूळ झिरो हरवतो.

तिसरा मार्ग म्हणजे नेमच बाजूला धरणं, शेडिंग. अनुभवी नेमबाज ते करतात. रिंग साइटमध्ये (पुढच्या साइटच्या गोल कड्यात) टार्गेटचं काळं वर्तुळ मधोमध धरायची सवय अजून पक्की व्हायची असताना ती मोडायला नको, म्हणून पहिल्या वर्षात मी ते शिकवणार नाही.

शॉट घेतानाचा क्रम असा बसवा: झेंडा बघा, श्वास, नेम, ट्रिगरच्या पहिल्या दाबाआधी पुन्हा एकदा जवळच्या झेंड्यावर नजर, मग शॉट. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर सोडून द्या. तेवढ्या वेळात वारा बदललेला असतो आणि डोळाही थकलेला असतो.

मिराज

तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लहरींमुळे टार्गेट थरथरताना दिसतं. स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर फोकस करून मग फोकस थोडा अलीकडे, रेंजच्या मध्यावर आणा. लहरी वाहताना दिसतील. डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा डावीकडचा. उकळल्यासारख्या सरळ वर जात असतील तर वारा पडलेला आहे किंवा समोरून-मागून आहे, आणि तो कुठल्याही बाजूला वळू शकतो. उकळत्या मिराजमध्ये शॉट घेऊ नका, वाहायला लागू द्या. मंद वाऱ्यात, जिथे झेंडे हलतही नाहीत, तिथे मिराज झेंड्यांपेक्षा जास्त सांगतं. वारा जोराचा झाला की लहरी पुसट होतात आणि मग झेंड्यांकडेच बघायचं.

लहरी टार्गेटची प्रतिमाही थोडी वाऱ्याच्या दिशेला सरकवतात, म्हणजे गोळी आणि नेम दोन्ही एकाच बाजूला ओढले जातात. नळी तापल्यावर तिच्यावरूनही लहरी उठतात. त्यासाठी नळीवर ताणून लावायची पट्टी मिळते, ती उन्हाळ्यात जरूर लावा.

उजेड

पातळ ढगांचा उजेड सगळ्यात उत्तम. कडक ऊनही चालतं, एकसारखं असेल तर. त्रास होतो तो तुटक ढगांचा. ढग सूर्यासमोर आला की बाहुली मोठी होते, रिंग आणि काळं वर्तुळ यांच्यामधली पांढरी कड जाड-बारीक वाटते, आणि ग्रुप काही मिलिमीटर सरकतो. वाऱ्यासारखंच इथेही एक उजेड निवडा आणि त्यातच मारा. डायोप्टरला आयरिस (भोक लहान-मोठं करायची सोय) असेल तर ढग आल्यावर भोक थोडं उघडा, ऊन आल्यावर बारीक करा, म्हणजे डोळ्याला मिळणारा उजेड जवळपास सारखा राहील. भोक फार बारीक करून 'किती स्पष्ट दिसतंय' म्हणून खूश होऊ नका, तासाभराने डोळा दुखायला लागतो. दुसऱ्या डोळ्यासमोर काळी पट्टी नको, पांढरी किंवा दुधी हवी. काळ्याने त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नेमाच्या डोळ्याचीही त्यामागे जाते.

दिल्लीच्या तुघलकाबादच्या रेंजवर डिसेंबर-जानेवारीत स्पर्धेला गेलात तर धुक्याची तयारी ठेवा. काळं वर्तुळ राखाडी दिसतं आणि कडा विरघळतात. तिथे रिंग एक नंबर मोठी लावणं उपयोगी पडतं.

उष्णता, काडतुसं आणि शरीर

दमट हवेने गोळी खाली जाते असं रेंजवर हमखास ऐकू येईल. ५० मीटरवर दमटपणाचा गोळीवर होणारा परिणाम दिसण्याइतकाही नसतो. तापमान २० अंशांनी बदललं तरी केवळ हवा विरळ झाल्याने फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. खरा फरक काडतुसातून येतो: दारू गरम-थंड झाली की वेग बदलतो. वेग सेकंदाला ५ मीटरने बदलला तर गोळी सुमारे ४ मिमी वर किंवा खाली जाते. म्हणून काडतुसांचा डबा उन्हात ठेवू नका, मॅटवर रुमालाखाली सावलीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही, गोळीवरचं मेण मऊ होऊन पसरतं. चेंबरमध्येही काडतूस घालून वाट बघत बसू नका. नळी तापलेली असते, थांबायचं असेल तर बोल्ट उघडा ठेवा.

दमटपणा खरा मारतो तो माणसाला आणि जॅकेटला. घामाने कॅनव्हास मऊ पडतो, पोझिशनचा आधार बदलतो, ग्लव्ह घसरतो, बट प्लेट सरकते. उन्हाळ्यात नीलिंग झाल्यावर जॅकेटची बटणं सोडून दोन मिनिटं हवा खा. रेंजवर जायच्या तासभर आधी पाणी प्या, मॅचदरम्यान घोटघोट. मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा ताक चांगलं, चहा-कॉफी नाडी वाढवते. आत सुती बनियन, बदलायला आणखी एक. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम येणं थांबलं तर मॅच सोडून सावलीत या आणि कोचना सांगा. एअर रायफलच्या हॉलमध्येही पंख्याचा झोत लाइनवर किंवा छऱ्याच्या वाटेवर येत नाही ना ते बघा.

पाऊस आणि वीज

रिमझिम पावसाने ५० मीटरवर गोळीचं फारसं बिघडत नाही, आणि तेव्हा बहुधा वाराही बरा असतो. बिघडतं ते बाकीचं: साइटच्या काचेवर थेंब, ओला मॅट, भिजून फाटणारं कागदी टार्गेट. लाइनवर छप्पर असेल तर रिमझिमीत सराव चुकवू नका. धो-धो सर आली, वर्तुळाची कड दिसेना, की थांबा.

विजेच्या बाबतीत सवलत नाही. मोकळं मैदान आणि हातात लोखंडी नळी. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर रेंज ऑफिसरच्या सूचनेने रायफल रिकामी करा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घाला, रायफल तिथेच ठेवा आणि पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये ते फोनवर असू द्या.

पावसाळ्यात घरी आल्यावर रायफल पेटीत तशीच कोंडू नका. नळी आणि बोल्ट कोरडे पुसून तेलाचा हलका हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मुंबई-कोकणात एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. दुसऱ्या दिवशी पहिला साइटर मारायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या पॅचने काढा, नाहीतर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातील आणि तुम्ही वाऱ्याला दोष द्याल.

वही

प्रत्येक सरावाची एक ओळ तरी लिहा: रेंज, लेन, वेळ, तापमान, आकाश, वाऱ्याची घड्याळातली दिशा, झेंड्याचा कोन, काडतुसाचा लॉट, मूळ झिरोपासून दिलेले क्लिक, आणि ग्रुपचा मध्य कुठे होता. सुरुवातीला सरावात हातात धरायचा ॲनिमोमीटर मिळाला तर घ्या: आधी झेंडा बघून आकडा मनात ठरवा, मग मोजा, दोन्ही लिहा. काही आठवड्यांत अंदाज आणि मोजमाप जवळ यायला लागतात. दुसऱ्या गावच्या स्पर्धेला जाताना त्याच महिन्यातली, तशाच उजेडाची पानं काढून बघा. कोचकडे जातानाही स्कोअरशीटच्या जोडीला वही न्या. तिरका ग्रुप, त्याच्याशेजारी लिहिलेला झेंड्याचा कोन, हे समोर असलं की पोझिशन दुरुस्त करायची की वारा वाचायला शिकवायचं ते त्यांना पाच मिनिटांत सांगता येतं.